उसवलं, फाटलं की विरलं?

वापरलेले कपडे विकत घेणं आणि घरचे कपडे दुरुस्त करून वापरणं, याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याकडून आणि कॉलेजातल्या विक्रीतून मी वापरलेल्या दोन जीन्स घेतल्या. दिसायला छान होत्या. पण एक तिसऱ्या धुण्यात मांडीला फाटली आणि दुसरी गुडघ्यावर ढगळ होऊन बसली. घेताना नेमकं काय बघायचं? (पुणे)

उत्तर : कापड खिडकीसमोर धरून बघा. ही एवढी सवय लागली तरी बरीचशी फसगत टळते.

कपडा तीन तऱ्हांनी जातो आणि मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. उसवतो, तेव्हा फक्त शिवणीचा दोरा गेलेला असतो. कापड शाबूत असतं, काम दहा मिनिटांचं. फाटतो, तेव्हा कापडाचेच धागे तुटलेले असतात, पण भोवतालचं कापड दणकट असेल तर ठिगळ किंवा रफू टिकतं. विरतो, तेव्हा धागे जागेवरच असतात, पण झिजून अर्धे झालेले. वरवर पाहता काहीच दिसत नाही आणि तिथे घातलेला टाका धरत नाही. उसवलेला कपडा भाव पाडून बेलाशक घ्या. फाटलेला घ्यायचा तर फाट कुठे आहे ते बघून. विरलेला मात्र घरी आणल्याबरोबर दुरुस्त करणार असाल तरच.

जीन्स विरते ती मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि आसनाच्या चार शिवणी जिथे मिळतात त्याच्या आसपास. पँट उलटी करून त्या जागी आतून तळहात घाला आणि उजेडाकडे धरा. बोटांची सावली दिसली, किंवा चाळणीसारखे उजेडाचे ठिपके दिसले, की ते कापड विरलेलं. तुमची पहिली जीन्स या टप्प्यावर आलेली असणार.

दुसरीचा दोष वेगळा. स्ट्रेच जीन्समध्ये थोडं इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, असतं आणि गरम ड्रायर, कडक इस्त्री किंवा क्लोरीनचं ब्लीच यांनी ते मरतं. गुडघ्याजवळचं कापड आडवं ताणून दहा सेकंद धरा आणि सोडा. लगेच सपाट बसलं तर ठीक. तिथे लाट राहिली, किंवा केसासारखे बारीक पांढरे धागे वर आलेले दिसले, तर इलॅस्टेन तुटलेलं आहे. याला दुरुस्ती नाही.

शर्ट-कुर्त्यात बगल, कॉलरची घडी आणि कफची कड बघा. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरून हलकेच ओढा. टाक्यांची भोकं लांबट होऊन मधून उजेड दिसला, तर धागे शिवणीतून सरकू लागलेत. सॅटिन, जॉर्जेट आणि विरळ विणीच्या कापडांत हे नेहमी होतं. परत शिवलं तरी पुन्हा सरकतं, म्हणून अंगाला घट्ट बसणारा असा कपडा घेऊच नका. व्हिस्कोस (रेयॉन) ओलं असताना निम्म्याच्या आसपास ताकद गमावतं. जुना रेयॉनचा कुर्ता घेतलाच तर बादलीतून पिळून काढायचा नाही.

चेनसाठी कपडा सोडू नका. दात जागेवर असतील आणि चेन मागून उघडत असेल, तर बहुधा रनर सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही मागच्या कडा अगदी हलक्या दाबा. जोर लावला की रनर तडकतो. नवा घ्यायचा तर जुन्याच्या पाठीवर ३, ५ असा आकडा असतो, तो दुकानात दाखवा.

ऑनलाइन घेताना तीन फोटो मागा: उलट्या केलेल्या पँटच्या आसनाचा, बगलेचा आणि खिडकीसमोर धरलेल्या कापडाचा. साइजच्या लेबलवर जाऊ नका. कपडा जमिनीवर सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत, खांदा, कंबर आणि आसनापासून खाली पायापर्यंतची मापं इंचांत मागा आणि आपल्या अंगाला नीट बसणाऱ्या कपड्याशी ताडून बघा. लांबी, कंबर, बाजूच्या शिवणी टेलर सहज बदलतो. खांदा उतरत असेल तर मात्र बाही काढून पुन्हा बसवावी लागते, आणि ते काम सगळ्यांना नीट जमत नाही.

प्रश्न : वापरलेले कपडे घरात आणायला सासूबाईंचा विरोध आहे. "दुसऱ्याचं अंगाला लावू नये, रोग येतात," असं त्या म्हणतात. धुण्याने खरोखर सगळं जातं का? (सातारा)

उत्तर : त्यांची काळजी चुकीची नाही. खरूज आणि ढेकूण कपड्यांतून येऊ शकतात. मात्र दोन्हींचा बंदोबस्त होतो. कपडे पिशवीत बांधूनच घरात आणा, पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवू नका. सुती आणि पॉलिएस्टर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. मशिनला ती सोय नसेल तर सुती कपडे उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पक्का रंग नसलेला कपडा वेगळ्या बादलीत. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाहीत, म्हणून गरम पाणी न सोसणारा कपडा आठवडाभर हवाबंद पिशवीत ठेवला तरी तो धोका जातो. ढेकूण मात्र महिनोन्‌महिने उपाशी राहतात, त्यांच्यावर हा उपाय चालत नाही. रेशीम आणि लोकर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ४ दिवस ठेवा, कसर (कपडे खाणारी कीड) लागल्याची शंका असेल तर २ आठवडे. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असं नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतला कपडा ओला होतो.

कुबट वास राहिला तर शेवटच्या पाण्यात, ५ लिटरला एक वाटी पांढरं व्हिनेगर. त्यात ब्लीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सासूबाईंना एक आठवण जरूर करून द्या. आपल्याकडे बाळाचं पहिलं दुपटं नव्या कापडाचं नसतं. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं असतं, आणि झबली थोरल्या भावंडांची. नव्या कापडाची खळ आणि कडकपणा बाळाच्या अंगाला टोचतो, हे आपल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. त्याच ओघात एक गंभीर सूचना: बाळाचे जपून ठेवलेले कपडे डांबरगोळ्यांत ठेवू नका, आणि कुणी तसे दिले तर नीट धुऊन, चांगले वारं-ऊन दाखवल्याशिवाय अंगात घालू नका. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते.

प्रश्न : माझ्या मुलाच्या सगळ्या जीन्स मांडीला फाटतात. टेलरने ठिगळ लावून दिलं, तर महिन्याभरात ठिगळाच्या कडेलाच नवी फाट. घरी नीट कसं करावं? साधी शिलाई मशीन आहे. (नागपूर)

उत्तर : ठिगळाच्या कडेला फाटतं याचा अर्थ ठिगळ लहान होतं किंवा फार जाड होतं. भोकाएवढं ठिगळ लावलं की त्याची कड विरलेल्या कापडावरच येते. जाड ठिगळ ताण घेत नाही, शेजारच्या दुबळ्या कापडावर ढकलतं.

जीन्सचं कापड जवळून बघा. उभे धागे म्हणजे ताणा निळा असतो, आडवे म्हणजे बाणा पांढरा. वरच्या बाजूला निळा ताणाच जास्त येतो, त्यामुळे घासून तोच आधी तुटतो. म्हणून फाटलेल्या गुडघ्यावर पांढऱ्या दोऱ्यांची आडवी जाळी लोंबते. ती कापून टाकू नका. तो शाबूत राहिलेला बाणा आहे आणि दुरुस्तीला त्याचाच आधार मिळतो.

ठिगळाला जुन्या जीन्सचा पातळ भाग किंवा घट्ट विणीचं सुती कापड घ्या, आधी धुऊन. न धुतलेलं कापड नंतर आटतं आणि भोवती चुण्या पडतात. पँट स्ट्रेचची असेल तर ठिगळही स्ट्रेच जीन्सचंच हवं.

पँट उलटी करा आणि उजेडात विरलेला भाग शोधून खडूने त्याची हद्द आखा. भोकाची नव्हे, विरलेल्या भागाची. त्यापेक्षा चारही बाजूंनी २ ते २.५ सेंटिमीटर मोठं ठिगळ कापा, कोपरे गोल करून, कारण टोकाशी ताण साचतो आणि तिथूनच ते सुटतं. कड आत दुमडू नका. दुमडलेली कड मांडीला काचते. ठिगळाचे उभे धागे पँटच्या उभ्या धाग्यांशी जुळवा आणि कच्चे टाके घालून ते बसवा. पुढच्या खिशाचं अस्तर आधी बाजूला ओढून टाचून ठेवा, नाहीतर खिसा शिवला जातो आणि हे नेहमी सगळं झाल्यावर लक्षात येतं.

मशीनला १६ नंबरची सुई, टाका २.५ मिलिमीटरचा, दोरा पॉलिएस्टरचा. तुटलेला ताणा भरून काढायचा आहे, म्हणून उभ्या धाग्यांच्या दिशेने, ३-४ मिलिमीटर अंतरावर खाली-वर ओळी मारत जा. प्रत्येक ओळ चांगल्या कापडात किमान दीड सेंटिमीटर शिरली पाहिजे. पण सगळ्या ओळी एका रेषेत संपवू नका. एक थोडी पुढे, एक थोडी मागे. एका रेषेत संपवल्या तर तिथे सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड टपालाच्या तिकिटांच्या पानासारखं त्याच रेषेत फाटतं. तुमच्या टेलरच्या ठिगळाचं हेही कारण असू शकतं.

आसनाच्या गाठीवर, जिथे सहा-आठ पदर एकत्र येतात, तिथे मशीन चालवू नका, सुई मोडते. तेवढं हाताने, उलटी टीप घालून शिवा. पायाच्या नळीत मशीन शिरत नसेल तर सगळंच हाताने धावदोऱ्याने करा: भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर, टाके ३ मिलिमीटरचे, ओळींत ४-५ मिलिमीटरचं अंतर. प्रत्येक ओळ संपून परत वळताना दोऱ्याचा इवलासा फास सैल सोडा. तो नसला तर पहिल्या धुण्यात तिथे चुण्या पडतात.

इस्त्रीने चिकटणारी ठिगळं मिळतात. डिंक धुण्यात कडेपासून सुटत जातो आणि तो भाग कडक होतो. शिवताना ठिगळ हलू नये एवढ्यापुरतंच त्यांचं काम. आणि मुलाची पुढची जीन्स फाटायची वाट बघू नका. विरलेली दिसली की लगेच आतून ठिगळ लावा. तेव्हा ते बाहेरून जवळजवळ दिसत नाही, आणि कपड्याचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांनी वाढतं.

प्रश्न : कुर्त्यांना पोटाजवळ बारीक भोकं पडतात. कसर आहे का? आणि रफू घरी जमतं का? (डोंबिवली)

उत्तर : सुती कुर्ता असेल आणि भोकं फक्त पोटाजवळ असतील, तर ती कसर नव्हे. ओट्याची कड, जीन्सचं धातूचं बटण, पट्ट्याचं बक्कल यांच्यामध्ये कापड घासतं. कसर लोकर आणि रेशीम खाते, आणि तिची भोकं कुठेही असतात. स्वयंपाकघरात एप्रन बांधा, नवी भोकं थांबतील.

अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचं भोक घरी जमतं. रंग जुळवायला दुकानात जाऊ नका. कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत जी माया सोडलेली असते तिच्यातूनच धागे ओढून घ्या, तो रंग आणि तेवढाच झिजलेला धागा दुसरीकडे मिळणार नाही. भोकाच्या एक सेंटिमीटर अलीकडून सुरुवात करून आधी उभे धागे टाका, मग आडवे, एकाखालून एकावरून. धागा ओढू नका, नुसता ठेवा. सगळा डाव तिथेच बिघडतो. टी-शर्टला ही पद्धत चालत नाही, कारण ते कापड ताण्या-बाण्याचं नसतं, स्वेटरसारखं सुटणाऱ्या घरांचं असतं. तिथे सुटलेलं घर बारीक सुईत धरून मागून दोन टाक्यांत पक्कं करा.

लोकरीची शाल, सूट किंवा शालू असेल तर रफूगराकडेच द्या. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शाली दुरुस्त करत आले आहेत. चांगला रफू उलट बाजूने बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि त्या कसबाचे पैसे मागितले तर घासाघीस करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : आजीची पैठणी घड्यांवर चिरते आहे. शिवून घेऊ का? (नाशिक)

उत्तर : चिरेच्या दोन कडा जोडून शिवू नका. रेशीम ठिसूळ झालेलं आहे. टाक्याने शेजारीच नवी चीर पडेल. आधी मागून आधार द्यायचा. धुतलेलं मऊ रेशमी क्रेप किंवा मलमल, साडीच्याच रंगाजवळचं, चिरेपेक्षा प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर मोठं घ्या. चिरेवर आडवे रेशमी धागे सपाट पसरा आणि ते बारीक टाक्यांनी मागच्या आधारकापडाला बांधा. भार त्या आधारावर गेला पाहिजे, जुन्या रेशमावर नव्हे. सुई अगदी बारीक, दोरा एकपदरी. डिंक किंवा इस्त्रीची चिकटपट्टी अजिबात नको.

बोटांत धरताच चुरचुर आवाज करून तुटणारी साडी नेसायची राहिली नाही. तिचे काठ-पदर चांगले असतील तर ते सोडवून नव्या कापडावर लावता येतात. जुनी जरी विकत घेणाऱ्यांना अख्खी साडी देण्याआधी जरी तपासा: खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा असतो. खरवडल्यावर आत तांब्याचा लाल रंग दिसला तर ती तशी नाही. बाकीच्या पैठण्या दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलून ठेवा, आणि नेसताना खांद्यावरच्या पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा घाला. खांद्यावरच्या चिरा बहुतेक त्या पिनेपासूनच सुरू होतात.

प्रश्न : शर्टाची कॉलर घडीवर झिजली, बाकी शर्ट नवा आहे. (कोल्हापूर)

उत्तर : कॉलर उलटवून घ्या. टेलर पट्टीपासून कॉलर सोडवतो, खालची बाजू वर करतो आणि परत बसवतो. खालच्या बाजूला प्लास्टिकच्या काड्यांचे कप्पे असतील, किंवा तिथलं कापड वेगळ्या रंगाचं असेल तर ते दिसेल, हे आधी बघा. उलटवणं एकदाच होतं.

प्रश्न : पांढऱ्या शर्टांच्या बगला पिवळ्या पडल्या. ब्लीचने आणखी पिवळ्या झाल्या. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : घाम रोखणाऱ्या डिओमधले अॅल्युमिनियमचे क्षार आणि घाम मिळून हा डाग बनतो आणि क्लोरीन ब्लीचने तो आणखी गडद होतो. औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड साधारणतः ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घाला. खाण्याच्या सोड्यात ते कालवून लेप करा, डागावर अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने घासून धुवा. हे फक्त पांढऱ्या सुती कपड्यांवर. रेशीम-लोकरीवर नको. वापरलेला पांढरा शर्ट विकत घेताना एवढी मेहनत हिशेबात धरा.

प्रश्न : सगळ्यांनी जुने कपडे वापरले तर आमचा कापूस कोण घेणार? (यवतमाळ)

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. पण स्वस्त फॅशन तुमच्या कापसावर चाललेली नाही. जगात तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, कापूस साधारण पाचवा हिस्सा. चार धुण्यांत टाकून द्यायचा टॉप बहुतेक पेट्रोलियमचाच असतो. आणि त्या किमतीत कुणाचा तरी जीव पणाला लागतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसं मेली. आत कपडे शिवण्याचे कारखाने होते.

एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं, असं नेहमी सांगितलं जातं. तो आकडा विदर्भाला जसाच्या तसा लावू नये, कारण इथला बहुतांश कापूस पावसावर येतो. पण त्याच कोरडवाहू शेतीत एक बोंड पिकवायला काय लागतं हे तुम्हीच आम्हाला सांगाल. तो धागा दोन महिन्यांत कचऱ्यात जावा हे कापसाच्याही भल्याचं नाही. वर्षाला पंधरा टॉप घेणाऱ्याने त्याऐवजी नीट शिवलेले तीन सुती कुर्ते घेतले, तर कापसाची मागणी त्यामुळे घटत नाही. आणि हेच वापरलेल्या कपड्यांनाही लागू आहे. स्वस्त मिळतात म्हणून दर आठवड्याला गठ्ठा घेतला, तर कपाट तेवढंच भरतं.

प्रश्न : दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या कपड्यांचं काय करावं? भांडी देणारी बोहारीण आता आमच्या सोसायटीत येत नाही. (ठाणे)

उत्तर : दोन गठ्ठे करा. कुणी तरी अंगावर घालू शकेल असे, धुतलेले, चेन-बटणांसकट कपडे एकीकडे. हे बोहारीण भेटली तर तिला, नाहीतर गूंजसारख्या संस्थेच्या संकलन केंद्राला द्या. दिल्लीत १९९९ साली सुरू झालेली ही संस्था जुन्या सुती कापडापासून पाळीच्या घड्याही बनवते. फाटके, तेलकट कपडे त्या गठ्ठ्यात घालू नका. निवडताना ते कुणाला तरी बाजूला काढावे लागतात. जुने लोकरी स्वेटर पानिपतच्या गिरण्यांत जातात. तिथे ते रंगानुसार वेगळे करून पिंजतात, म्हणजे पुन्हा रंगवावं लागत नाही, आणि त्या सुताची ब्लँकेटं होतात.

सुती साड्या मात्र घरीच ठेवा. दोन पाचवारी साड्यांत एका माणसाची गोधडी होते. प्रत्येक साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे लांबीला जोडा, साधारण पावणेतीन मीटर बाय सव्वादोन मीटरची चादर मिळेल. ती दुमडली की दोन पदर. दोन साड्यांचे चार. जास्त विरलेली साडी आत घाला. सिंथेटिक साडी आत घालू नका, ती घसरते आणि घाम टिपत नाही. आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके, मग कडेपासून आत दोन-दोन बोटांवर धावदोरा. कच्चे टाके टाळले की मधोमध फुगवटा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.

चिंध्या करायला कपडा कापण्याआधी बटणं, हुक, चेन आणि कॉलरच्या काड्या काढून एका डब्यात टाका, आणि बटणं एका दोऱ्यात ओवून ठेवा. हरवलेल्या बटणासारखंच बटण शोधत बसण्यापेक्षा पाचही बटणं एकसारखी बदलणं सोपं जातं.